राज्यसेवा मुलाखत: सचोटीचे आणि पेचाचे प्रश्न कसे तयार करावेत

राज्यसेवेच्या मुलाखतीला पहिल्यांदा बसणारा उमेदवार जिल्ह्याची माहिती, पदवीचा विषय, चालू घडामोडी मन लावून तयार करतो. सचोटीचे प्रश्न मात्र 'त्यात काय वाचायचं' म्हणून राहून जातात. मग समोरून प्रश्न येतो: "तुम्ही तहसीलदार आहात. रात्री दोन वाजता वाळूचा डंपर पकडलात आणि आमदारांचा फोन आला. पुढे?" उमेदवार म्हणतो, "सर, मी कोणत्याही दबावाला बळी पडणार नाही." डंपर कुठे गेला, पंचनामा कुणी केला, फोनवर काय बोलणं झालं, यातलं काहीच पॅनेलला कळलेलं नसतं.

२०२५ च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. लेखीला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत, आणि सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे. त्या पेपरसाठी पाठ केलेल्या व्याख्या मुलाखतीत फारशा उपयोगी पडत नाहीत. तुमच्या मनात काय आहे ते पॅनेलला दिसत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच: तुम्ही आधी काय करता, कोणत्या अधिकाराने करता, कागदावर काय ठेवता आणि त्याची कोणती किंमत मोजायला तयार आहात. तयारी या चार गोष्टींची करायची. हातात सहा आठवडे असतील तर उत्तम, तीन असले तरी जमतं.

पहिलं काम: स्वतःची वही

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि स्वतःच्या आयुष्यातले सहा प्रसंग लिहून काढा. भव्य प्रसंग शोधत बसू नका. वसतिगृहाच्या मेसचा हिशोब, परीक्षेत मित्राने मागितलेली मदत, खासगी नोकरीत वरिष्ठाने खोटा आकडा भरायला सांगणं, गणेश मंडळाची वर्गणी, भावकीतला बांधाचा वाद, हे सगळं चालतं. प्रत्येक प्रसंगाखाली पाच ओळी लिहा: नेमकं काय घडलं, पर्याय कोणते होते, मी काय केलं, त्याची किंमत काय मोजली, आज तसंच करीन का.

चौथी ओळ रिकामी राहत असेल तर तो प्रसंग सोडून द्या. ज्यात काही गमावलं नाही, कुणी रागावलं नाही, वेळ किंवा पैसा गेला नाही, त्यात सचोटीची परीक्षा झालेलीच नसते. सहापैकी किमान दोन प्रसंग असे हवेत की त्यात तुम्ही कमी पडलात. "तुम्ही शेवटचं खोटं कधी बोललात?" हा प्रश्न येतो आणि "मी खोटं बोलत नाही" हे उत्तर त्या दिवसाचं सगळ्यात महाग उत्तर ठरतं. छोटं, खरं आणि स्वतःची बाजू न सावरणारं उत्तर द्या. "घरी निकालाची तारीख चुकीची सांगितली होती, कारण निकाल चांगला लागणार नाही हे मला माहीत होतं" एवढं पुरतं. पुढे उपदेश जोडू नका.

प्रसंग रचू नका, नेटवरचा उचलू नका. पॅनेल तिसऱ्या उपप्रश्नाला तपशील मागतं: मेसचा महिन्याचा खर्च किती होता, तक्रार कुणाकडे केली, त्यांनी काय उत्तर दिलं. रचलेल्या प्रसंगात हे तपशील नसतात. ते तिथल्या तिथे जुळवताना आवाज बदलतो आणि समोरच्यांना ते लगेच कळतं.

दुसरं काम: बायोडाटा चाळून काढणं

सचोटीचे निम्मे प्रश्न बायोडाटातूनच निघतात आणि ते सचोटीचे आहेत हे उमेदवाराच्या लक्षातही येत नाही. छंद 'वाचन' लिहिला असेल तर गेल्या दोन महिन्यांत वाचलेल्या पुस्तकाचं नाव आणि त्यातलं न पटलेलं एक मत तयार ठेवा. 'ट्रेकिंग' लिहिलं असेल आणि शेवटचा गड चार वर्षांपूर्वी चढला असाल तर तसंच सांगा. पदवीनंतर तीन वर्षं रिकामी दिसत असतील तर 'समाजकार्य' म्हणून ती भरू नका. "अभ्यास करत होतो, दोनदा पूर्व परीक्षेतच नापास झालो" हे स्वच्छ उत्तर आहे.

पसंतीक्रमाचा प्रश्न नीट तयार करा. "उपजिल्हाधिकारी पहिलं आणि राज्यकर तिसरं का?" याला "लोकांची सेवा" एवढंच उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न येतो: "राज्यकर खात्यात सेवा होत नाही का?" पगार, प्रतिष्ठा, घराजवळ राहण्याची इच्छा ही कारणंही असतात. त्यातलं एखादं मोकळेपणाने मान्य करून कामाशी जुळणारं कारण जोडलंत तर उत्तर खरं वाटतं.

तिसरं काम: नेमके नियम, मोजकेच

कायद्यांची जंत्री नको. खालच्या गोष्टी मात्र चुकता कामा नयेत.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. यातला नियम ३ सचोटी आणि कर्तव्यपरायणतेबद्दल आहे. वरिष्ठांच्या निर्देशानुसार वागताना ते निर्देश शक्य तिथे लेखी घ्यायचे, तत्काळ शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची, ही तरतूद याच नियमात आहे. तोंडी आदेशाच्या प्रत्येक प्रश्नाचा पाया हाच. भेटवस्तू आणि मालमत्तेची माहिती देण्याचे नियमही याच पुस्तिकेत आहेत, तेही वाचून ठेवा. शिस्तभंगाची कारवाई वेगळ्या नियमांखाली होते: महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९. नावं सारखी असल्याने गल्लत होते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला लाच देणं भाग पाडलं गेलं त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४.

बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा राज्य कायदा. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षं, आणि सामान्यतः कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये ही तरतूद. 'प्रामाणिक आहे पण फाईल हलत नाही' अशा अधिकाऱ्याबद्दल प्रश्न आला तर हा कायदा हवाच. त्याच्या जोडीला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५: अधिसूचित सेवा मुदतीत न दिल्यास दोन अपिलं, मग सेवा हक्क आयोग, आणि ५०० ते ५,००० रुपये शास्ती.

महसूल सेवा मागत असाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ (७) आणि (८), म्हणजे गौण खनिजाचा दंड आणि वाहन जप्ती, तसंच कलम १५५, म्हणजे लेखनप्रमादाची (लिहिण्यातल्या चुकीची) दुरुस्ती. १५५ बद्दल विचारतात कारण किरकोळ दुरुस्तीच्या नावाखाली मालकी हक्काच्या नोंदी फिरवण्यासाठी त्याचा गैरवापर झालेला आहे. पोलीस सेवा मागत असाल तर जुनी कलमं सांगू नका. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता लागू आहेत आणि जमावबंदीचं १४४ आता १६३ झालं आहे.

कलम आठवलं नाही तर आकडा ठोकून देऊ नका. "कलम आत्ता आठवत नाही, तरतूद अशी आहे" म्हणा. सचोटीच्या प्रश्नात अंदाजाने सांगितलेला आकडा चुकला तर उत्तर दोन्ही बाजूंनी पडतं.

चौथं काम: उत्तराचा क्रम

प्रसंग ऐकल्यावर पाच-सात सेकंद थांबायला हरकत नाही. मनात प्रश्न विचारा: जीवाला किंवा पुराव्याला तातडीचा धोका आहे का? हा निर्णय माझ्या अधिकारात आहे का? माहिती ऐकीव आहे की हातात आहे? नुकसान कुणाचं होतंय आणि तो समोर हजर आहे का? कागदावर काय राहणार? याच क्रमाने बोललात तर ६० ते ९० सेकंदांत उत्तर पुरं होतं. पहिलं वाक्य कृतीचं असू द्या. मूल्य सांगायचं असेल तर शेवटी, तेही एका वाक्यात.

आता डंपरचाच प्रसंग घेऊ, कारण त्याच्या पोटात बरेच उपप्रश्न आहेत.

पहिली गोष्ट, एकटं जायचं नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधन माफियांनी जाळून मारलं. पॅनेलवरच्या प्रत्येकाला ती घटना ठाऊक असते. "मी एकटा गाडी घेऊन नदीपात्रात जाईन" हे सांगणारा उमेदवार त्यांना शूर वाटत नाही, कारण त्याच्यासोबत त्याचा चालक आणि तलाठीही जीव धोक्यात घालत असतो. पोलीस बंदोबस्त, पथकात मंडळ अधिकारी आणि तलाठी, निघण्यापूर्वी प्रांताधिकाऱ्यांना कल्पना. जागेवर पंचांसमक्ष पंचनामा, वाहन क्रमांक, अंदाजे ब्रास, वेळेसह फोटो, वाहतूक परवाना मागितल्याची नोंद. परवाना असेल तर त्यावरची तारीख, वेळ आणि मार्ग जुळतो का ते पाहणं. नसेल तर वाहन तहसील आवारात किंवा पोलीस ठाण्यात लावणं. मग नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि त्यानंतर दंडाचा आदेश. चोरीचा गुन्हा दाखल करायचा तर फिर्याद कोण देणार तेही सांगा.

फोनचं उत्तर वेगळं तयार करा. लोकप्रतिनिधीचा फोन घ्यायचा, नम्रपणे बोलायचं. "साहेब, पंचनामा झालाय. वाहनमालकाकडे परवाना असेल तर उद्या सकाळी सुनावणीत द्यायला सांगा, मी तपासून नियमाप्रमाणे आदेश काढतो." यात अपमान नाही आणि सूटही नाही. आमदाराचा प्रत्येक फोन बेकायदेशीर दबाव असतो असं गृहीत धरणारा उमेदवार पॅनेलला अपरिपक्व वाटतो. मतदाराची अडचण कळवणं हे त्यांचं कामच आहे.

पुढचा उपप्रश्न ठरलेला: "उद्या तुमची बदली झाली तर?" बदली हा सेवेचा भाग आहे, ती घेईन, एवढं बरोबर आहे, पण अपुरं. चांगलं उत्तर असं की पंचनामा, जप्ती आणि नोटीस त्याच रात्री अभिलेखावर आणीन, वरिष्ठांना अहवाल पाठवीन आणि कार्यभार देताना प्रलंबित प्रकरणांच्या यादीत ते लिहीन. मग पुढच्या अधिकाऱ्याला ते प्रकरण गुपचूप मिटवणं अवघड जातं.

तोंडी आदेशाचे तीन प्रकार

"जिल्हाधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, ही फाईल आज मंजूर करा. काय कराल?" याला सरसकट "लेखी मागेन" म्हणणं चूक आहे. धरणातून विसर्ग वाढलाय आणि वरिष्ठ म्हणतात, वाडी रिकामी करा. तिथे लेखी मागत बसलात तर माणसं बुडतील. आधी कृती, नंतर टिपणी. दुसरा प्रकार नेहमीच्या प्रशासकीय मंजुरीचा. फाईल नियमात बसत असेल तर लगेच करायची. शंका असेल तर टिपणीत 'मा. जिल्हाधिकारी यांनी अमुक तारखेस दूरध्वनीवर दिलेल्या निर्देशानुसार' असा उल्लेख करायचा, शंका दोन ओळींत मांडायची आणि त्याच दिवशी ई-मेलने पुष्टी मागायची.

तिसऱ्या प्रकारात बहुतेक उमेदवार घसरतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालची शेतरस्त्याची केस तुमच्यापुढे चालू आहे आणि वरिष्ठ सांगतात, अमक्याच्या बाजूने निकाल द्या. इथे लेखी आदेशही तुम्हाला वाचवत नाही, कारण हे काम अर्धन्यायिक आहे आणि निर्णय ज्याच्यापुढे सुनावणी झाली त्यानेच पुराव्यावर द्यायचा असतो. "सर, प्रकरण सुनावणीत आहे, दोन्ही बाजूंचे पुरावे पाहून आदेश करतो. मान्य नसेल त्या पक्षाला वर दाद मागता येईल" एवढं बोलून थांबायचं. हा फरक न विचारता स्वतःहून सांगितलात तर तुम्ही पद समजून आला आहात हे दिसतं.

जिथे दोन्ही बाजू बरोबर असतात

भ्रष्टाचाराच्या प्रश्नात निदान बरोबर काय ते स्पष्ट असतं. खरी कसोटी करुणा आणि नियम समोरासमोर येतात तिथे लागते. अतिवृष्टीचा पंचनामा घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तरच मदत मिळते. एका विधवा शेतकरी बाईंच्या रानात नुकसान २८ टक्के भरतं. तलाठी म्हणतो, साहेब, ३३ लिहून टाकू.

"माणुसकी म्हणून लिहीन" हे उत्तर चालत नाही. त्याच गावात २९ आणि ३० टक्केवाले आहेत आणि उद्या तोच तलाठी पैसे घेऊन ३३ लिहायला लागेल. "नियमात बसत नाही, नाही" हेही चालत नाही. आकडा कुणी काढला, कृषी सहायक सोबत होता का, रानाच्या सखल भागात उभं पाणी पाहिलं का, हे विचारून पुनर्पाहणी करायची. तरी २८ च राहिलं तर २८ च लिहायचं. मग बाईंना विम्याचं संरक्षण आहे का, संजय गांधी निराधार योजनेत त्या बसतात का, कर्जाचं पुनर्गठन होतं का, याची चौकशी आपल्या कार्यालयाने करायची. असे काठावरचे किती आहेत ते अहवालात वर कळवायचं. नियम बदलायचा तर तो तिथून बदलतो.

टँकरच्या प्रश्नालाही असंच भिडायचं: आज एकच टँकर, गावं दोन, त्यातलं एक पालकमंत्र्यांचं. माणशी दररोज २० लिटरचा हिशोब मांडा. कोणत्या गावाला किती दिवस पाणी नाही, विहीर अधिग्रहित करता येते का, दोन खेपा जमतात का ते पाहा आणि निकष दोन्ही ग्रामपंचायतींना सांगा. निकष उघड सांगितला की ज्याला उशिरा पाणी मिळतं त्यालाही कारण कळलेलं असतं.

घरातले प्रश्न

"तुमच्या वडिलांचा फेरफार अडकलाय, पाच हजार मागतायत. द्याल?" हा प्रश्न ग्रामीण उमेदवाराला हमखास येतो. अर्जाची पोच, नोटिशीवर हरकत घेण्याची १५ दिवसांची मुदत संपली का, मंडळ अधिकाऱ्यांची भेट, तहसीलदारांकडे लेखी तक्रार, मागणी स्पष्ट असेल तर १०६४, हा क्रम सांगा. "पूर्वी कधी घरच्यांनी दिलेत का?" असं विचारलं आणि दिले असतील तर "हो, एकदा दिले होते, ते चूक होतं" म्हणून थांबा. सगळेच देतात, नाइलाज होता, रक्कम लहान होती, यातलं काहीही जोडू नका.

दुसरा प्रश्न नात्यातला. मामाच्या सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंय, पत्रिका छापल्यात. "समजावून सांगेन" हे पहिलं पाऊल झालं, शेवटचं नाही. ऐकलं नाही तर ग्रामसेवकाला, जो ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, किंवा १०९८ ला कळवायचं. नातं तुटेल का? कदाचित तुटेल, आणि हे उत्तरात मान्य करायचं. किंमत लपवणारं उत्तर पोकळ वाटतं.

सहकारी लाच घेतो असं ऐकलं तर? ऐकीव माहितीवर निलंबन करणारा उमेदवार घाईचा ठरतो, शिवाय निलंबनाचा अधिकार त्याच्याकडे असेलच असं नाही. तक्रारदाराला मार्ग दाखवायचा, त्या टेबलाच्या प्रलंबित फायली आणि त्यांची कारणं तपासायची, तथ्य दिसलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अहवाल पाठवायचा.

पाचवं काम: सराव

वहीतले सहा आणि बनवलेले दहा, असे सोळा प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा. रोज तीन उचला, उभं राहून मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना तीनच गोष्टी मोजा: पहिली कृती किती सेकंदांनी आली, 'मी नक्कीच' किंवा 'कोणत्याही परिस्थितीत' किती वेळा आलं, नोंदीचा उल्लेख झाला का. दुसऱ्या आठवड्यापासून एखादा मित्र समोर बसवा. त्याचं काम एकच, प्रत्येक उत्तरावर तीनदा 'आणि तरीही?' विचारणं. "आणि तरीही त्यांनी ऐकलं नाही तर? आणि तरीही वरिष्ठांनी फाईल दाबली तर?" तिसऱ्या फेरीत बहुतेक जण एक तर सगळं सोडून देतात, नाहीतर राजीनामा देतात. राजीनामा हे उत्तर टाळा. तुम्ही गेल्यावर डंपर, फेरफार आणि टँकर तिथेच राहतात.

मॉक मुलाखती तीन-चार पुरे. दहा-बारा दिल्या की उत्तरं गुळगुळीत होतात आणि वेगवेगळ्या मार्गदर्शकांचे परस्परविरोधी सल्ले एकाच उत्तरात शिरतात. भाषा मराठी निवडली असेल तर प्रसंगही मराठीतच सोडवा. इंग्रजी नोट्स वाचून मराठीत बोलणारा उमेदवार 'पारदर्शकता', 'उत्तरदायित्व', 'वस्तुनिष्ठता' असे शब्द ओळीने टाकतो आणि नोटीस कुणाला द्यायची ते विसरतो.

एक सराव बहुतेक जण करत नाहीत, तो जरूर करा: दिलेलं उत्तर मध्येच दुरुस्त करणं. तोंडून "वाहन लिलावात काढेन" गेलं आणि दोन वाक्यांनंतर लक्षात आलं की आधी नोटीस आणि सुनावणी हवी, तर तिथेच थांबून म्हणा, "सर, एक दुरुस्ती करतो. लिलावाचं मी घाईने बोललो, आधी वाहनमालकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागेल." सरावात हे वाक्य जाणूनबुजून पाच-सहा वेळा बोलून घ्या, म्हणजे पॅनेलसमोर ते न अडखळता निघेल. मग दुरुस्तीनंतर जिथे थांबला होता तिथून उत्तर पुढे न्या.